मुरबाडहून थेट बोकड, पाच घरांचे वाटे : अनुभव, हिशोब आणि शंका

घोडबंदरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी आम्ही पाच घरांनी मिळून मुरबाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून दोन बोकड घेतले. गावच्याच खाटकाकडून कापून घेतले, तिथेच वाटे केले आणि बर्फाच्या पेटीतून ठाण्याला आणले. असं थेट घेता येतं का, हे इथे अनेकांनी विचारलं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात आमच्या आबांपासून झाली. आबा जुन्नरकडचे. चाळीस वर्षं ठाण्यात काढली, पण रविवारी पिशवी घेऊन मटणाच्या रांगेत उभं राहायचं त्यांना कधी रुचलं नाही. जनावर डोळ्यांनी बघितलं नाही तर मटणाची चव कळत नाही, असं ते म्हणतात. त्यांच्या गावी जत्रेला, सुगी संपल्यावर चार-पाच घरं मिळून एक बोकड पाडायची आणि वाटे करायची. दुकानातून अर्धा किलो आणणं त्यांच्या लेखी औषध आणल्यासारखं आहे. यंदा म्हटलं, त्यांचे पाय चालतायत तोवर एकदा करूच.

ऑफिसातल्या एका मित्राच्या ओळखीने शेतकरी मिळाला. भाताची शेती आणि जोडीला चाळीसेक शेळ्या. थोड्या उस्मानाबादी, बाकीच्या गावठी संकर. दिवसभर माळावर आणि बांधावर चरतात, संध्याकाळी गोठ्यात सुबाभूळ, शेवरी आणि थोडा मका. पावसाळ्यासाठी त्याने जमिनीपासून वर लाकडी फळ्यांचा माच केलाय, म्हणजे लेंड्या आणि मूत खाली पडतं आणि शेळ्यांचे खूर कोरडे राहतात.

आम्ही सकाळी सातला पोचलो. जनावरं अजून सोडली नव्हती. आबांनी आधी बोकडांची तोंडं उघडून दात बघितले. दोन्ही दोन दाती निघाले, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाचे. मग पाठीच्या कण्यावर आणि फऱ्यावर हात दाबून मांस कुठवर भरलंय ते पाहिलं. दोन्ही खच्ची केलेले होते. ताणकाट्यावर एक 31 किलो भरला, दुसरा 28. जिवंत वजनाला किलोमागे 400 रुपये ठरले होते, म्हणजे 23,600. खाटकाची मजुरी एकाला 600 प्रमाणे 1,200.

हाडासकट मटण निघालं 28 किलो 300 ग्रॅम. काळीज, गुर्दे, मुंड्या, खूर, वजडी (पोट-आतडी) हे वेगळं. मुंडी-खूर-वजडी दुकानात घेतली असती तर दोन हजारांची झाली असती, ती वजा केली तर मटण किलोला 806 रुपये पडलं. आमच्याकडे दुकानात 860 आहे.

आता वाट्यांबद्दल. केळीची पाच पानं ओळीने मांडली. खाटकाने प्रत्येक पानावर मांडीचं, पुढच्या फऱ्याचं, चापांचं, मानेचं, सीन्याचं असं थोडं थोडं टाकत वाटे लावले. एक नळी इकडे, एक तिकडे, काळजाचे पाच तुकडे. तराजू फक्त शेवटी, शंका मिटवायला. मग आबा ओट्याच्या कडेला पाठ फिरवून उभे राहिले. खाटीक एकेका पानावर काडी ठेवून विचारायचा, "हा कुणाचा?" आबा मागे न बघता घराचं नाव घ्यायचे. कुणाला काय येईल ते त्यांना दिसत नव्हतं आणि आम्हाला काही बोलता येत नव्हतं. पाचही वाटे असे गेले. आमच्या मजल्यावरच्या नायरकाकांनी हा प्रकार पहिल्यांदाच पाहिला, ते म्हणाले केरळात त्यांच्या गावीही असंच काहीसं करायचे.

शंका असतील तर विचारा.

---

सुगरण_नेरूळ

फार छान लिहिलंय. आबांना नमस्कार सांगा.

हिशोबात पेट्रोल धरलंय का? घोडबंदरहून मुरबाड म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे-दीडशे किलोमीटर सहज होतं. बर्फ, पेटी? आणि एकेका घराला साडेपाच किलो मटण आलं असणार, ते ठेवलं कसं? माझा अनुभव वाईट आहे म्हणून विचारते. दोन पावसाळ्यांपूर्वी मी आठ किलो एकदम आणलं होतं. तिसऱ्या रात्री वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मी काळजीपोटी तासातासाला फ्रीझर उघडून बघत राहिले आणि त्यानेच सगळं सुटलं. निम्मं त्याच दिवशी शिजवून शेजाऱ्यांना वाटलं, निम्मं टाकावं लागलं. एका जिवाचं मांस असं कचऱ्यात टाकताना मला फार लागलं होतं.

---

घोडबंदरकर

ताई, तुमचं बरोबर आहे. पेट्रोल, बर्फ आणि थर्माकोलच्या पेट्या मिळून 1,400 रुपये झाले होते, ते मी धरलेच नव्हते. ते धरले तर किलोला 855 पडतात. म्हणजे दुकानापेक्षा पाच रुपये कमी. बचत झाली असं म्हणण्यात अर्थ नाही. वरचा आकडा तसाच ठेवतो, पण कुणी त्यावर विसंबून जाऊ नका. पैसे वाचवायचे म्हणून जाणार असाल तर जाऊ नका.

ठेवण्याबद्दल माझी बायको लिहील असं म्हणतेय, पण आधी कुणी जाणकार असेल तर सांगा. आम्ही आल्याबरोबर पिशव्या भरून सरळ फ्रीझरमध्ये टाकलं. रविवारी रात्री केलेलं सुकं उत्तम झालं. पण बुधवारी काढलेलं मटण कुकरला सहा शिट्ट्या देऊनही चिवट राहिलं. जनावर तर कोवळं होतं.

---

मुरबाडी

मी त्याच तालुक्यातला, पण ज्यांच्याकडे हे गेले तो शेतकरी मी नव्हे. माझ्याकडे पंचवीस शेळ्या आहेत. आमची बाजूही लिहितो.

शेळी पाच महिन्यांनी विते. बहुतेक वेळा दोन करडं होतात, दोन्ही जगतातच असं नाही. आपल्याकडचा पाऊस शेळीला मानवत नाही. उस्मानाबादी तर कोरड्या मुलखातली, धाराशिवकडची. जुलै-ऑगस्टात छाती भरते, खूर सडतात. करडू तीस किलोचं व्हायला मला दहा-बारा महिने लागतात आणि त्यात एक अख्खा पावसाळा येतो. म्हणून बरेच जण जूनच्या आधीच जनावरं काढतात, भाव कमी असला तरी.

व्यापारी येतो तो वजन करत नाही. दहा जनावरं बघतो आणि उक्ता भाव सांगतो. बाजारात तर अजूनही काही जुने दलाल रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात, बाजूच्याला आकडा कळत नाही. व्यापाऱ्याच्या भावात माझं दर बोकडामागे हजार-पंधराशे कमी येतात, हे खरं. पण तो दहाही नेतो. लहान, मोठा, एक डोळा अधू असलेलासुद्धा. पैसे रोख देतो आणि पुढच्या महिन्यात परत येतो.

शहरातून येणारे सगळ्यांत मोठे दोन निवडतात. उरलेले आठ बघून व्यापारी भाव पाडतो, कारण चांगले गेलेले असतात. तुमचे ते दोन मला वरचे दोन-तीन हजार देतात आणि खालचे आठ माझे चार हजार घेऊन जातात.

आणखी एक सांगतो. दोन वर्षांपूर्वी गटारीला चार बोकड हवेत म्हणून शहरातल्या एकाने फोनवर ठरवले. मी व्यापाऱ्याला नाही म्हटलं. गटारीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन बंद. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. पुढचा महिना, वर गणपती, मी ते चार बोकड दावणीला बांधून खाऊ घातले. तेव्हापासून विसार घेतल्याशिवाय मी कुणाला शब्द देत नाही. एका बोकडाला हजार रुपये विसार. ठरल्या दिवशी आला नाहीत तर तो माझा. मला यात संकोच वाटत नाही.

घोडबंदरकर, तुम्ही दात बघून, काट्यावर तोलून, पूर्ण जनावर घेतलंत आणि वजडीसुद्धा नेलीत. असे लोक आले तर आम्हालाही बरं वाटतं.

---

घोडबंदरकर

दादा, मनापासून लिहिलंत. उरलेल्या आठांची गोष्ट आमच्या डोक्यातही आली नव्हती. पुढच्या वेळी मोठे दोन न निवडता तुम्ही द्याल ते एक मोठं, एक मधलं घेऊ. आणि विसार आधी पाठवू.

---

निवृत्त_पशुवैद्य

मी पशुसंवर्धन खात्यात पस्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी शहापूर-मुरबाड भागात. सध्या कळव्यात राहतो. या धाग्यात काही गोष्टी राहून गेल्या आहेत.

चिवट मटणाचं कारण सांगतो. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि मग हळूहळू सैल होतात. गरम मांस तुम्ही लगेच शिजवलंत तर ते मऊ लागतं, म्हणून गावाकडे दुपारी कापलेलं दुपारीच शिजतं. पण अर्धवट आखडलेलं मांस फ्रीझरमध्ये गेलं तर ते तसंच गोठतं, आणि नंतर कितीही शिट्ट्या द्या, दाताला लागतं. घरी आणल्यावर आधी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, चार अंशांच्या आसपास, एक दिवस झाकून ठेवा. मग फ्रीझरला, उणे अठराला. धुवू नका, कोरड्या फडक्याने टिपा. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या हाताने दाबून चपट्या करा. चपटी पिशवी लवकर गोठते आणि लवकर सुटते. सोडवताना रात्री फ्रिजमध्ये उतरवून ठेवा, ओट्यावर नको.

सुगरणताईंना : वीज गेली की फ्रीझरचं दार उघडायचं नाही. भरलेला फ्रीझर बंद राहिला तर साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास. रिकामी जागा उरत असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून भरा.

आता वजन. बोकडाला कापण्याआधी बारा तास चारा बंद, पाणी मात्र ठेवायचं. भरल्या पोटाचं जनावर तोललं तर तुम्ही पोटातल्या चाऱ्याचे पैसे देता, आणि शेळीच्या पोटात तीन-चार किलो सहज असतं. घोडबंदरकरांना 48 टक्के मटण मिळालं ते जनावर सकाळी उपाशी तोललं म्हणूनही. चरून आलेल्या बोकडाचं 42-43 टक्केही निघू शकतं.

शेतकऱ्याला लसीकरण विचारा. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि पावसाआधीची आंत्रविषाराची लस. आणि हे नक्की विचारा : गेल्या महिन्यात प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलंय का? प्रत्येक औषधाच्या बाटलीवर मांसासाठी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. दीर्घ परिणामाच्या ऑक्सिटेट्रासायक्लिनला साधारण चार आठवडे. चांगला शेतकरी हे लपवत नाही.

काळीज कापून बघा. भातखाचरांच्या भागात पाण्याकाठी चरणाऱ्या शेळ्यांच्या यकृतात चपटे कृमी होतात. काळजातल्या नळ्या जाड, पांढऱ्या, कडक लागल्या तर ते काळीज खाऊ नका. फुप्फुसावर किंवा काळजावर पाणी भरलेली पांढरी गाठ दिसली तर ती फोडू नका आणि कुत्र्यांना तर अजिबात टाकू नका, खड्डा करून पुरा. कुत्र्याच्या पोटातून तोच रोग माणसांकडे येतो. गावागावांत मी हे सांगत फिरलो. खाटकाच्या पायाशी बसलेली कुत्री बघून अजून जीव कासावीस होतो.

कायद्याचंही सांगतो. महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही, 2001 च्या केंद्राच्या नियमांत तसं स्पष्ट आहे. त्यामुळे सोसायटीच्या आवारात बोकड आणून कापायचा विचार कुणी करू नका. गाभण शेळी, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू अंगावर असलेली शेळी आणि तीन महिन्यांच्या आतलं करडू कापायला त्याच नियमांत मनाई आहे. आणि आणलेलं मटण वाटून घ्या, विकू नका. विकायचं म्हटलं की अन्नसुरक्षेचा परवाना आणि कत्तलखान्याचा शिक्का आला.

---

चरईतला

डॉक्टरसाहेब, माहितीबद्दल आभारी. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आम्ही ठाण्यातले ईस्ट इंडियन. आमच्या पंगतीत बीफ असायचंच. नाताळला, लग्नाला आजी व्हिंदालू करायची. बोकडासारखं म्हशीचं मांस थेट शेतकऱ्याकडून, चार घरांत वाटून घेता येईल का?

---

निवृत्त_पशुवैद्य

नाही. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी होती. मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेलं मांस जवळ बाळगण्याबद्दलचं कलम रद्द केलं. म्हैस त्या बंदीत नाही, पण तिच्या कत्तलीला सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. शेतकऱ्याच्या अंगणात म्हैस कापून वाटे करणं होणार नाही. परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती ठेवा.

---

पामबीच

याच विषयावर थोडं. मी अकरा वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिनला होते, आता परत आलेय, सानपाड्यात राहते. तिथे गावाबाहेरच्या शेतकऱ्याकडून बीफ थेट घेणं अगदी रूढ आहे. लोक अख्खं, अर्धं किंवा पाव जनावर घेतात. आमच्या ओळखीतली चार कुटुंबं मिळून एक घ्यायची. मी स्वतः खात नसे, पण हिशोब आणि फोन माझ्याकडे असायचे, म्हणून प्रक्रिया ठाऊक आहे.

तिथे भाव जिवंत वजनावर नसतो, टांगलेल्या धडाच्या वजनावर असतो. 1,200 पौंडांच्या जनावराचं धड साधारण 720-750 पौंड भरतं. हाडं, चरबी काढून, सुकून घरी येईतो त्याचेही साठ-पासष्ट टक्के उरतात. म्हणजे पाव हिश्शाला पन्नास-पंचावन्न किलो. पहिल्यांदा घेणाऱ्यांचा इथेच गैरसमज होतो, पैसे जास्त वजनाचे दिले आणि मांस कमी आलं असं वाटतं.

डॉक्टरांनी आखडण्याबद्दल लिहिलंय, तेच तिथे मोठ्या प्रमाणावर करतात. धड थंड खोलीत दहा-चौदा दिवस टांगून ठेवतात आणि मग कापतात. कुठला भाग कसा कापायचा, किती जाड, किती खिमा, हाडं हवीत का, हे एका कागदावर भरून द्यावं लागतं. मालकाच्या घरापुरतं कापलेलं असेल तर प्रत्येक पुडक्यावर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का येतो. पाव हिश्शाला सव्वाशे-दीडशे लिटरचा वेगळा डीप फ्रीझर पुरतो.

पण तिथे मी कुणालाही पाठ फिरवून 'हा कुणाचा' असं म्हणताना पाहिलं नाही. तिथे प्रत्येकाचा कागद वेगळा. हे वाचताना मला माझ्या आजोळची, श्रीवर्धनची आठवण झाली.

---

वाळवण

चरईतला यांचा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं. माझं मूळ गाव लातूरकडे, आता घणसोलीत आहे. आमच्या घरी मोठ्याचं (म्हणजे बीफ) खाल्लं जायचं. लपवण्यासारखं त्यात मला काही वाटत नाही. आज्जी त्याच्या लांब पातळ पट्ट्या कापायची, मीठ-हळद लावायची आणि अंगणात दोरीवर वाळत घालायची. चान्या म्हणतो आम्ही. मडक्यात भरून ठेवल्या की पावसाळाभर पुरायच्या. दुष्काळात तेवढंच अंगाला लागायचं. चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेली चानी आणि ज्वारीची भाकरी, हे माझं लहानपण.

तेव्हा फ्रीझर नव्हता, तरी एकदम आलेलं मांस टिकवायचं ज्ञान आमच्या बायकांकडे होतं. कुठला भाग वाळवायचा, कुठला लगेच शिजवायचा, चरबी वितळवून कशी ठेवायची. गावात वाटे होत तेव्हा कोणाला काय मिळायचं हेही जातीवर ठरलेलं असायचं, आमच्याकडे काय यायचं ते मी इथे लिहीत नाही. म्हणून पाठ फिरवून घरांची नावं घेण्याची रीत मला फार मोलाची वाटते. आबांना माझा जय भीम सांगा.

बोकडाच्या मटणाच्याही अशा पट्ट्या करता येतात. चरबी पूर्ण काढायची, नाहीतर खवट होते. कडक उन्हाचे तीन-चार दिवस हवेत, एप्रिल-मेमध्येच करा. आपल्या दमट हवेत इतर वेळी बुरशी धरते.

---

घोडबंदरकर

आबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आमच्या गावातही वाटे पाठ फिरवून व्हायचे, पण पानं मांडली जायची ती ठरावीक घरांचीच. वेशीबाहेरच्यांचं पान त्या ओळीत नसायचं. हे ते मला आज पहिल्यांदा बोलले. जय भीम म्हणायला सांगितलंय त्यांनी.

---

दिवाळेगाव

आमी आगरी. आमच्याकडे हळदीला बोकड पडतो तेव्हा भाऊबंदकीत वाटे जातात, कार्लेच्या एकवीरेला जाऊन आल्यावरही. माझी आजी म्हणायची, "पोरी, हात लावलास त तोच वाटा तुझा." निवडायचं नाही.

वजडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. शहरातले लोक वजडी टाकून देतात ती साफ करता येत नाही म्हणून. पाणी उकळत्याच्या थोडं आधी उतरवायचं. बोट क्षणभर बुडवता येईल इतकं गरम. त्यात वजडी काही सेकंद बुडवून काढायची आणि लगेच सुरीच्या पाठीने काळा थर खरवडायचा. पाणी फार उकळतं असेल तर तो थर चिकटून बसतो आणि मग हाताला फोड आले तरी निघत नाही. आतडी बारीक काठीवर उलटून धुवायची. मग जाड मीठ आणि तांदळाचं पीठ लावून चोळायची, तीन पाणी. शेवटच्या पाण्यात लिंबू. कुकरला हळद-आल्यासोबत आधी वेगळी शिजवा आणि ते पाणी फेका. मग भरपूर लसूण, आगरी मसाला, वाटलेलं खोबरं. वर तांदळाची भाकरी. पाच घरांत दोन वजड्या असतील तर दोन घरांना मोजून देऊ नका. एकाच घरी शिजवा आणि सगळ्यांनी तिथे बसून खा. आमच्याकडे तसंच करतात.

---

सुगरण_नेरूळ

वजडीचं सगळं लिहून घेतलं. पाण्याचं तापमान माझं नेहमी चुकायचं.

घोडबंदरकर, एक विचारू का? मुलांना नेलं होतंत का? माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. न्यावं की नाही ते ठरत नाहीये.

---

घोडबंदरकर

माझी मुलगी नऊ वर्षांची. तिला आधी सगळं सांगितलं होतं आणि बघायचं की नाही हे तिच्यावर सोडलं होतं. ती बोकडांच्या दातांपर्यंत आमच्याबरोबर होती, मोठ्या बोकडाच्या कपाळावर हात फिरवत होती. मग म्हणाली, मी करडांकडे थांबते. शेतकऱ्याच्या सुनेने तिला माचावर नेलं आणि दोन दिवसांचं करडू मांडीवर दिलं. कापणं संपेपर्यंत ती तिथेच होती. वाट्यांच्या वेळी आली आणि आबांच्या शेजारी उभी राहिली.

रविवारी ती जेवली नाही, भाकरी आणि कांदा खाल्ला. आम्ही कुणी काही बोललो नाही. बुधवारी तिने ताटात दोन फोडी घेतल्या आणि विचारलं, हा लहानाचा की मोठाचा. मला सांगता आलं नाही, वाट्यांत दोन्ही मिसळले होते. तुमच्या मुलाला विचारून बघा. माझ्या मते त्याला नाही म्हणायची मोकळीक असेल तरच न्या.

---

मुरबाडी

लेकराला माच दाखवला हे चांगलं केलं. माझ्याकडेही आता सहा करडं आहेत.

---

घोडबंदरकर

दादा, धुळवडीला आम्ही सात घरं होतोय. सुगरणताई आणि पामबीच नवी मुंबईहून येतायत. पामबीच फक्त हिशोब धरणार. तीन बोकड लागतील, तुम्ही निवडाल ते. विसार कुठे पाठवायचा? वाळवणताई, तुम्हीही या. आबांनी मुद्दाम सांगितलंय, पानं मांडताना तुमच्या घराचं पान ओळीत हवं.

---

वाळवण

येते. चापांसाठी आमच्याकडचा काळा मसाला घेऊन येते.

---

मुरबाडी

विसाराचं व्यक्तिगत निरोपात कळवतो. धुळवडीच्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी खाटीक पहाटेपासून पाच गावांत असतो आणि दुपारपर्यंत मिळणार नाही. आदल्या दिवशी सकाळी साडेसहाला या, म्हणजे जनावरं उपाशी तोलता येतील आणि मटणाला रात्रभर फ्रिज मिळेल. केळीची पानं आणू नका, माझ्या परड्यात आहेत. कुत्र्यांना त्या दिवशी बांधून ठेवतो, डॉक्टरसाहेब.